शंभर अधिक वय?

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

आजीचं बीपी १५८/७४ आलं आणि तू म्हणालीस, "वयाच्या मानानं ठीक आहे की, शंभर अधिक वय!" वरचा आकडा शंभर अधिक वय इतका चालतो, हा हिशेब अजून पुष्कळांच्या तोंडी असला, तरी डॉक्टरांनी तो केव्हाच सोडून दिलाय. वय झालं की रक्तवाहिन्या ताठर होतात, हृदयानं ढकललेल्या रक्तासरशी पूर्वीसारख्या फुगत नाहीत, म्हणून वरचा आकडा चढतो. खालचा साधारण पन्नाशीपर्यंत चढतो आणि मग उतरू लागतो. तेव्हा ७४ बघून निर्धास्त होऊ नकोस. दोन आकड्यांतलं वाढलेलं अंतर ही त्या ताठरपणाचीच खूण. असं नुसतं वरचं वाढलेलं बीपीही मेंदूला आणि हृदयाला धोक्याचंच.

पण लगेच गोळी वाढवून मागायची घाईही नको. आधी आजीला उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोज. बसल्यापेक्षा वरचं २० नं किंवा खालचं १० नं उतरलं, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांग. या वयात रात्री उठताना चक्कर येऊन पडणं काही कमी वाईट नाही.

आता तुझं. एरवी मोठ्या माणसाचं १२०/८० च्या आत असावं आणि दवाखान्यात पुन्हापुन्हा १४०/९० किंवा वर आलं तर तो आजार. अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी २०१७ मध्ये ही रेघ १३०/८० वर आणली. तुला पाचवा महिना आहे, त्यामुळे १०४/६४ बघून घाबरू नकोस. मधल्या महिन्यांत बीपी थोडं उतरतंच आणि शेवटी परत वर येतं. मात्र १४०/९० दिसलं, किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, उजव्या बरगडीखाली दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही.

बाळाचं वरचं बीपी जन्मताच जेमतेम साठ-सत्तर असेल. लहान मुलांना एकच आकडा लावत नाहीत. वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे बघून तक्त्यात शोधतात.

आणि हो, काल व्हिडिओ कॉलवर मी बघत होतो. आजीचे पाय पलंगावरून लोंबत होते, पट्टा स्वेटरच्या बाहीवर होता आणि मशीन फुगत असताना ती माझ्याशीच बोलत होती! अशानं आकडा फुगतो. तिला खुर्चीत पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसव. लघवीला जाऊन येऊ दे. त्याआधी अर्धा तास चहा नको. उघडा दंड हृदयाच्या पातळीत टेबलावर टेकव. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, असं आठवडाभर वहीत लिही. पहिला दिवस सोडून सरासरी काढ. घरच्या मोजणीत १३५/८५ ही सीमा धरतात. वही घेऊनच डॉक्टरांकडे जा, नुसतं "जास्त येतंय" म्हणू नकोस.

तुझे,
बाबा