विनंती अर्जाच्या पाठीवरचा शेरा

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र विधानसभा,
विधान भवन, मुंबई.

स. न. वि. वि.

अध्यक्ष महोदय, माझी सारी नोकरी आवक-जावक नोंदवह्या आणि नस्त्यांच्या संगतीत गेली. त्यामुळे जुना सरकारी कागद हाती आला की मजकुराआधी मी तो उलटून पाठीवरचा शेरा पाहतो. सध्या असे पाहत बसलो आहे ते अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळाकडे आलेले नागरिकांचे अर्ज. १७७६ ते १८६५ या काळातले सुमारे २५ हजार अर्ज रिचमंडच्या राज्य ग्रंथालयाने जपले आहेत आणि त्यांच्या प्रतिमा घरबसल्या पाहता येतात. ते चाळताना आपल्या विधानमंडळाची विनंती अर्ज समिती सारखी आठवत राहिली, म्हणून हे पत्र.

तिथली रीत अशी होती. कौंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) न्यायालयाच्या तारखेला गावोगावची माणसे जमत, तेव्हा अर्जावर सह्या होत. ज्याला लिहिता येत नसे तो फुली मारी. मागणीमुळे दुसऱ्या कोणाचे नुकसान होण्यासारखे असेल, तर अर्जाची सूचना न्यायालयाच्या दारावर डकवत. म्हणजे विरोध असणाऱ्याला उलट अर्ज करायला अवधी मिळे, आणि असे उलट अर्ज पुष्कळ येत. त्या कौंटीचा प्रतिनिधी अर्ज सभागृहात मांडी, मग तो समितीकडे जाई. एका समितीचे नावच ‘प्रस्ताव आणि गाऱ्हाणी समिती’ होते. ब्रिटिशांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात सैन्याने नेलेल्या घोड्याचे, धान्याचे पैसे मागणारे अर्ज पाहणारी देण्यांची समिती वेगळी, धर्मविषयक समिती वेगळी. समिती अहवाल देई : वाजवी, किंवा नामंजूर. वाजवी ठरल्यास विधेयकाचा मसुदा होई. कारकून कागदाची घडी घालून बाहेरच्या बाजूला कौंटीचे नाव, सार, सादर झाल्याची तारीख, कोणत्या समितीकडे गेला आणि शेवटी काय ठरले, एवढे लिही. बऱ्याच कागदांवर हे सगळे चार-पाच ओळींत आटोपलेले दिसते. (अक्षर मात्र काही कारकुनांचे आपल्या तलाठ्यांनाही लाजवील असे आहे.)

गंमत म्हणजे जून १७७६ च्या व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्यात अर्ज करण्याच्या हक्काचा उल्लेख नाही. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने त्याच वर्षी तो हक्क लिहून ठेवला. व्हर्जिनियात तो नुसत्या वहिवाटीवर चालला. अर्ज करायला मताधिकार लागत नसे. बायका, स्वतंत्र कृष्णवर्णीय, क्वचित गुलामसुद्धा अर्ज करत आणि तो नोंदला जाई.

एका विधेयकाची हकिकत आपल्याला मुद्दाम सांगावीशी वाटते. ऑक्टोबर १७७६ मध्ये राजमान्य चर्चबाहेरच्या बाप्टिस्ट आणि इतर ख्रिस्ती पंथीयांनी धर्मस्वातंत्र्यासाठी एक अर्ज दिला. त्यावर दहा हजारांच्या आसपास सह्या होत्या. वर्षअखेरीपर्यंत, राजमान्य चर्चबाहेरच्या लोकांना त्या चर्चसाठी कर द्यावा लागू नये एवढे तरी पदरात पडले. पुढे १७८४ मध्ये तिथले वजनदार पुढारी पॅट्रिक हेन्री यांच्या पुढाकाराने सर्व ख्रिस्ती धर्मोपदेशकांसाठी कर बसवणारे विधेयक आले. ते मंजुरीच्या बेतात असताना सभागृहाने तिसरे, म्हणजे शेवटचे, वाचन पुढच्या वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत लांबवले. विधेयक छापले, बाजूने कोणी मत दिले आणि विरोधात कोणी, त्यांची नावेही छापली, आणि प्रती सदस्यांमार्फत कौंट्यांत वाटून लोकांना मत कळवायला सांगितले. लोकांनी कळवले. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जेम्स मॅडिसन यांनी लिहिलेला विरोध-अर्ज त्यात एक होता, पण त्याहून कितीतरी जास्त सह्या साध्या भाविक शेतकऱ्यांच्या इतर अर्जांवर होत्या. विधेयक बारगळले आणि जानेवारी १७८६ मध्ये त्याच सभागृहाने थॉमस जेफरसन (हेही पुढे अध्यक्ष झाले) यांचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर केला. श्रेय मॅडिसन-जेफरसनना मिळते. मला त्यात त्या छापील प्रतींचा वाटाही मोठा वाटतो.

दुसरा अर्ज एका माणसाचा. न्यू केंट कौंटीतला जेम्स हा गुलाम. १७८१ मध्ये त्याने अमेरिकेच्या बाजूने लढणारे फ्रेंच सेनापती लाफाएत यांच्यासाठी ब्रिटिशांच्या छावणीत शिरून हेरगिरी केली. युद्धात सैनिक म्हणून लढलेल्या गुलामांना मुक्त करणारा कायदा १७८३ मध्ये झाला, पण हेर त्यात बसेना. नियमात बसत नाही हे उत्तर आपल्याकडेही फार ऐकू येते. जेम्सचा पहिला प्रयत्न फळला नाही. १७८६ मध्ये त्याने पुन्हा अर्ज केला, लाफाएत यांनी स्वहस्ते दिलेला दाखला जोडून. १७८७ च्या जानेवारीत विधिमंडळाने त्याच्या एकट्यासाठी कायदा केला, मालकाला भरपाई दिली आणि तो मुक्त झाला. पुढे त्याने लाफाएत हेच आडनाव लावले. म्हातारपणी १८१८ मध्ये पुन्हा अर्ज केला, तेव्हा वर्षाला ४० डॉलरचे निवृत्तिवेतन मंजूर झाले.

ही वाचून बरी वाटणारी बाजू झाली. १८०६ मध्ये याच विधिमंडळाने कायदा केला की, यापुढे मुक्त होणाऱ्या गुलामाने बारा महिन्यांत राज्य सोडावे, नाहीतर पुन्हा गुलामी. राहायचे तर परवानगीसाठी अर्ज करायचा. मग अर्जांची रांग लागली : माझी बायको इथे आहे, माझी मुले इथे आहेत. १८१३ मध्ये ल्युसिंडा नावाच्या बाईने अर्ज केला. मालकिणीच्या मृत्युपत्राने ती मुक्त झाली होती, सोबतचे बाकीचे टेनेसीला निघून गेले होते, पण तिचा नवरा इथेच दुसऱ्याच्या मालकीचा होता. तिने मागितले काय, तर नवऱ्याच्या मालकाची गुलाम होऊन राहू द्या. ज्या सभागृहाने ही वेळ आणली त्याच्याच दारात हा कागद आला आणि रीतसर नोंदलाही गेला. नोंद चोख असणे आणि न्याय होणे यांत किती अंतर असू शकते, ते या अर्जांतच दिसते.

१८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाने उठाव केला. त्यानंतर १८३२ च्या जानेवारीत ऑगस्टा कौंटीतल्या २१५ बायकांनी गुलामगिरी संपवा असा अर्ज केला. गुलामगिरीला विरोध करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या अशाच अर्जाला हातच लावू नका, असा ठराव आला होता, तो सभागृहाने मोठ्या फरकाने फेटाळला. कडाक्याची चर्चा झाली आणि शेवटी ठरले की तूर्त काही करू नये. निर्णय वाईट होता. पण चार वर्षांनी वॉशिंग्टनच्या, म्हणजे देशाच्या संसदेच्या, प्रतिनिधिगृहाने गुलामगिरीविषयीचे अर्ज न वाचताच बाजूला ठेवण्याचा नियम केला आणि तो १८४४ पर्यंत चालवला. त्याच्याशी ताडून पाहिले तर व्हर्जिनियाने निदान नकार उघडपणे दिला होता, कोणी काय मत दिले ते टिपून ठेवले होते.

प्रत्येक गोष्ट विधिमंडळानेच पाहावी असे माझे म्हणणे नाही. तिथे घटस्फोटसुद्धा विधिमंडळाचा कायदा करून मिळत, आणि खासगी अर्जांच्या ढिगाऱ्याने सभागृह इतके कावले की १८५१ च्या राज्यघटनेने घटस्फोट न्यायालयांकडेच सोपवून टाकले.

आपल्याकडे अर्ज-विनंत्यांचे राजकारण हा मवाळांना मारलेला टोमणा शाळेपासून कानी पडतो. टोमण्यात तथ्य होते, कारण अर्ज ज्यांच्याकडे जात ते आपण निवडलेले नव्हते. १८५२ मध्ये मुंबईकरांच्या बॉम्बे असोसिएशन या संघटनेला आपला अर्ज थेट लंडनच्या पार्लमेंटकडे धाडावा लागला. आता अर्ज घेणारी समिती आपल्याच आमदारांची आहे.

माझी मागणी खर्चाची नाही. विनंती अर्ज समितीकडे आलेल्या प्रत्येक अर्जाची एक ओळ विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत दिसावी : विषय, सादर झाल्याची तारीख, आज तो कुठे आहे, आणि निकाल लागला असल्यास काय व का. खासगी तपशील झाकावेत. नामंजूर अर्जही यादीत राहावेत, कारणासह. जो अर्ज समितीच्या कक्षेत बसत नाही, त्यावर तसे लिहून तो कोणाकडे करावा तेही नमूद व्हावे. नियमांत बदल लागणार असल्यास तो येत्या अधिवेशनात नियम समितीपुढे ठेवावा, आणि या पत्रावर काय ठरले ते कळवावे. नकार असला तरी चालेल, तारीख घालून यावा.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून