विषय : गच्चीवर रात्रभर जळणारा फ्लडलाइट व गच्चीचे कुलूप

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती

महोदय,

या विषयावर मी आधी तोंडी सांगितले, मग ग्रुपवर लिहिले, शेवटी तक्रार-रजिस्टरमध्ये नोंदवले. रजिस्टरात ‘पाहतो’ एवढाच शेरा आहे. म्हणून हे पत्र. कृपया पोच द्यावी.

सातव्या मजल्यावरील सभासदांनी चोरीचे कारण सांगून जिन्याच्या केबिनवर पांढरा एलईडी फ्लडलाइट बसवला आहे. त्याचे तोंड खाली दाराकडे नाही, आडवे उत्तरेला आहे. पुण्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर असतो. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या की त्यांच्या वरच्या कडेपेक्षा थोडा खालीच. माझ्या मुलीला ही मुठींची रीत येते, पण ध्रुव दिसत नाही, कारण नेमका तिथेच हा दिवा आहे. आमची गॅलरी दक्षिणेला असल्याने गच्चीशिवाय इलाज नाही.

डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. एकदा त्या दिव्याकडे नजर गेली की पुन्हा पहिल्यापासून. पाच आणि आठ वर्षांच्या मुलांकडून हे किती वेळा करून घ्यायचे? आम्ही आमच्या टॉर्चलाही लाल जिलेटिन कागद लावतो. चटई, साधी दुर्बीण आणि हळू आवाजात गोष्टी, एवढाच आमचा पसारा. व्याधाने सोडलेला बाण मृगाच्या पोटात कसा रुतला, रोहिणी तांबूस का, कृत्तिका कुणाला किती दिसल्या. याचा कुणाला त्रास होतो?

तरीही सदर सभासदांच्या सांगण्यावरून आठ वाजता गच्चीला कुलूप लागते. त्यांच्याच घरचा वाढदिवस मात्र तिथे मध्यरात्रीपर्यंत स्पीकर लावून झाला. त्यांच्या कुंड्या, जुना सोफा आणि फुटकी टाकीही तिथेच आहे, आणि कुंड्यांचे पाणी पावसाळाभर आमच्या भिंतीवर उतरते. उपविधींप्रमाणे गच्ची सामाईक आहे, एका सभासदाची नव्हे. हा दिवा सोसायटीच्या मीटरवर कुणाच्या परवानगीने जोडला, याचेही उत्तर मिळावे. बी विंगमधील बहुतेकांचे हेच म्हणणे आहे. समोर बोलायला ते कचरतात, इतकेच.

सुरक्षेला माझा विरोध नाही. दिव्याला वरून झाकण लावा, तोंड खाली वळवा, सेन्सर बसवा. कोणी आले की तो लागेल, चोरालाही तेवढे पुरे. आपल्याच राज्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथे अख्ख्या जंगलावरचा अंधार जपला जातो. इथे मी एका दिव्याबद्दल बोलते आहे.

१३ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतील उल्कावर्षाव ऐन भरात असतो. शहराच्या उजेडात थोड्याच उल्का दिसतील, पण मुलांना त्या बघायच्या आहेत. त्या रात्री दहापासून दिवा बंद असावा व गच्चीची किल्ली वॉचमनकडे ठेवावी. १० तारखेपर्यंत लेखी उत्तर न आल्यास हा विषय, सोफा आणि मीटरसह, सर्वसाधारण सभेत मांडेन व उपनिबंधक कार्यालयालाही प्रत देईन.

आपली,
एक सभासद, बी विंग