एचबीए१सीच्या रिपोर्टवर ही एक ओळ हवीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या यजमानांना मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली. ग्लुकोमीटरचा आकडा मी रोज स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, त्या त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिते. गेल्या पावसाळ्यात उपाशीपोटी १६०-१७०, जेवणानंतर २३०-२४० येत होते आणि लॅबचा एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) मात्र ५.३, म्हणजे अगदी नॉर्मल! दोन वेळा तसंच. "काकू, तुमचं मशीनच बिघडलंय," असं मला सांगण्यात आलं. सेल बदलले, स्ट्रिप्सचा नवा डबा आणला, तरी आकडे तेच. ह्यांच्या तळपायांची आग तेवढी वाढत गेली.

शेवटी मुलीने फोंड्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कालनिर्णयची पानं एकेक करून उलटली आणि हिमोग्लोबिनचा प्रकार तपासायला सांगितला. निघालं हिमोग्लोबिन डी, आईवडिलांपैकी एकाकडून आलेलं. त्याचा एरवी काहीच त्रास नसतो, म्हणून बासष्ट वर्षं कुणाला पत्ता नव्हता.

एचबीए१सी म्हणजे साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून त्यावरून दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. पण काही यंत्रांत अशा वेगळ्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर हिशेबातच धरली जात नाही. हिमोग्लोबिनच्या प्रकाराने सहसा न फसणाऱ्या बोरोनेट पद्धतीने तीच तपासणी केली, तर ८.२ आला, म्हणजे सरासरी साखर १९०च्या आसपास. माझं कालनिर्णय खरं बोलत होतं.

सिकलसेलचा आजार असेल तर पेशीच लवकर मरतात. तिथे पद्धत बदलूनही भागत नाही, फ्रुक्टोसामाइनसारखी (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी) वेगळी तपासणी लागते. उलट लोह कमी असेल तर एचबीए१सी उगाच वाढलेला दिसू शकतो. आपल्याकडे किती बायकांचं रक्त कमी असतं, हे मी सांगायला नको.

जुन्या रिपोर्टवरच्या आलेखात एक जादा सुळका आहे, तो या वेगळ्या हिमोग्लोबिनचाच. डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवून मला दाखवला. तो कागद दोन वर्षं आमच्याच कपाटात होता.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अभ्यासात मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. आरोग्य खात्याला माझी कळकळीची विनंती आहे: तपासणी कोणत्या पद्धतीने केली हे प्रत्येक लॅबने रिपोर्टवर छापावं, आणि असा सुळका दिसला तर 'हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार असू शकतो, डॉक्टरांना दाखवा' एवढी ओळ मराठीत किंवा कोंकणीत लिहावी.

– एक निवृत्त शिक्षिका, डिचोली