शेख पळत नव्हता, आपण पळवला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मूकपटांच्या काळातल्या दूरदेशीच्या प्रेमकथांवर तुमच्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. वाळवंटातले शेख, बगदादचे चोर, सिंगापूरच्या गुत्त्यातले खलाशी, वाघ पाळणारे महाराजे असा सगळा पसारा लेखकाने खुसखुशीत मांडला आहे, आणि वाचताना मीही दोन-तीनदा हसलो. पण त्यातल्या नटनट्यांना त्यांनी ‘चावीच्या बाहुल्या’ म्हटलंय. हे पत्र त्या दोन शब्दांसाठी. मी 22 वर्षं एका फिल्म मंडळाचा 16 मिमी प्रोजेक्टर चालवला आहे. या बाहुल्यांना चावी कोण देतं ते मला पक्कं ठाऊक आहे. मीच द्यायचो.

आमच्या प्रोजेक्टरला एक खटका होता. एका बाजूला बोलपटाची गती, सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे फिल्मवरची 24 सुटी चित्रं. दुसऱ्या बाजूला मूकपटाची, सेकंदाला 16. पहिल्या वर्षी मूकपटांतला हॉलिवूडचा नायक रूडॉल्फ व्हॅलेंटिनो याचा ‘द सन ऑफ द शेख’ लावला, तेव्हा आदल्या खेळाला बोलपट होता आणि खटका तसाच राहिला. नायक घोड्यावर बसला की खिडकीतून चिमणी उडावी तसा भुर्रकन! नायिकेकडे टाकलेला तो प्रसिद्ध जळता कटाक्ष म्हणजे नुसती पापणीची फडफड. सभागृह हसून लोळलं. मला वाटलं, चित्रपटच तसला. रीळ बदलताना पुढच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “अहो, जरा खटका बघता का?” कान लाल झाले माझे. पुढचं रीळ 16 वर टाकलं तर उलटं झालं, सगळे पाण्याखाली चालल्यासारखे. माझ्या मशीनवर मधलं काही नव्हतंच. मग मधली गती मिळणारं मशीन कुठून कुठून मागून आणलं आणि तोच चित्रपट आठवड्याने पुन्हा लावला. लोक आले ते हसायच्या तयारीनेच, पण अर्ध्या तासात खुर्च्यांची कुरकुरसुद्धा थांबली.

हिशेब सोपा आहे. 16 मिमीच्या एका फुटात 40 फ्रेम असतात, म्हणजे 400 फुटांच्या रिळात 16,000. सेकंदाला 16 ने चालवलं तर रीळ 16 मिनिटं 40 सेकंद पुरतं, 24 ने चालवलं तर 11 मिनिटं 7 सेकंदांत संपतं. मधली साडेपाच मिनिटं कुठल्या सेन्सॉरने कापलेली नसतात. माणसाच्या मान वळवण्यातून, श्वास घेण्यातून, रडू आवरण्यातून ती पिळून काढलेली असतात. आणि अशा चित्रपटांत दुसरं असतं काय? गोष्ट तर चार ओळींची.

बरं, 16 हाही काही वेदमंत्र नव्हे. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचा काळ तो. एका फेऱ्यात 8 फ्रेम, सेकंदाला दोन फेरे. पण कॅमेरामन काय घड्याळ नव्हता. 1920 चं दशक अर्धं सरेपर्यंत गती चढत चढत 20-22 च्या पुढे गेली होती. थेटरवाले तर खेळ लवकर उरकावा म्हणून त्याहूनही जोरात चालवायचे. 24 पक्की झाली ती आवाज आल्यावर, कारण चित्र हळू-जलद झालेलं डोळा खपवून घेतो, गाणं हळू-जलद झालेलं कान खपवत नाही. हॉलिवूडचा नट लॉन चेनी याचा 1928 चा ‘वेस्ट ऑफ झांझिबार’ मूकपट असला तरी ध्वनिमुद्रित संगीतासकट निघाला होता, त्याला 24 च हवी. त्यात पाय गेलेला चेनी जमिनीवरून सरपटतो, ते मी एकदा शहाणपणा करून 18 वर दाखवलं आणि अख्खा खेळ झोपवला. तेही पाप माझ्याच नावावर.

मग गती ठरवायची कशी? मी माणसांकडे बघायचं सोडून दिलं. नट अभिनय करतो, पाणी करत नाही. कारंज्याचं पाणी कसं पडतं, अंगावरून टाकलेला झगा जमिनीवर किती वेळात बसतो, धूर कसा वर जातो, ते बघायचं. सगळ्यात भरवशाचा हत्ती. निर्माते हिमांशु राय आणि जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्या 1928 च्या ‘शिराज’मध्ये नायकाचं डोकं हत्तीच्या पायाखाली देण्याची शिक्षा आहे. गती चुकली तर तो हत्ती शेळीसारखा दुडुदुडु येतो. गती बरोबर असेल तर तो पाय उचलला जातो, थांबतो, आणि आपल्या मानेवर घाम येतो.

दुसरा घोळ रंगाचा. मूकपट म्हणजे काळा-पांढरा ही समजूत आपल्याला चुकीच्या प्रिंटांनी करून दिली. तेव्हा प्रिंटच्या पट्ट्या रंगात बुडवून काढत: वाळवंटातलं ऊन आणि दिव्याचा उजेड पिवळसर, आग लाल, रात्र निळी. रात्रीचे बाहेरचे प्रसंग भर उन्हात चित्रित करायचे आणि प्रिंट निळी केली की झाली रात्र, असा सरळ व्यवहार होता. आता त्याच चित्रपटाची स्वस्तातली काळी-पांढरी नक्कल बघा. टळटळीत दुपार, जमिनीवर कोयत्यासारख्या धारदार सावल्या, आणि त्यात नायक हातात कंदील घेऊन चवड्यांवर तंबूत शिरतोय. दोन पावलांवरचा पहारेकरी त्याला बघत नाही! प्रेक्षक हसणारच. मी असल्या प्रसंगी भिंगापुढे निळा जिलेटिन कागद धरायचो. हात भरून यायचा, पण पहिल्या निळ्या फ्रेमबरोबर सभागृह गप्प व्हायचं. कुणी याला लबाडी म्हणेल. मी म्हणतो, रात्र परत केली.

आता जे खरोखर बोलायला हवं ते. नीट गतीने बघितले की हे चित्रपट निर्दोष ठरतात असं मुळीच नाही. उलट त्यांचा दोष तेव्हाच दिसतो. व्हॅलेंटिनोचा पहिला ‘द शेख’ 1921 चा. शेवटाकडे शेख जखमी होऊन पडलाय, उशाशी नायिका डायना त्याचा हात हातात घेऊन बसली आहे. ती शेखच्या फ्रेंच मित्राला म्हणते की अरबाच्या मानाने हा हात मोठा आहे. मित्र सांगतो, तो अरब नाहीच, बाप इंग्रज आणि आई स्पॅनिश. गाडी धाडधाड धावत असेल तर ही संवादाची पाटी येते आणि जाते, आपण पुढच्या मिठीवर हसायला मोकळे. सावकाश बघा. डायना तो हात न्याहाळते, मित्राकडे बघते, पाटी येते, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. पळवून नेलेल्या बाईच्या प्रेमाला तेवढ्यासाठी परवाना मिळाला! अख्खं वाळवंट, उंट, तंबू, झगे, सगळा थाट अरबी, आणि हिशेबाच्या वेळी माणूस गोरा निघाला. मला त्या ठिकाणी हसू येत नाही, चीड येते. ती यायला ते दृश्य पुरेसा वेळ पडद्यावर असावं लागतं.

तसंच ‘द टोल ऑफ द सी’. 1922 चा, लाल आणि हिरवा अशा दोनच रंगांच्या टेक्निकलरमधला. नायिका अ‍ॅना मे वाँग, वय वर्षं 17. समुद्रातून वाहत आलेल्या अमेरिकनाला ही चिनी मुलगी वाचवते, त्याच्यावर जीव लावते. तो मायदेशी जातो आणि परत येतो तो गोऱ्या बायकोला घेऊन. मग ती स्वतःचं पोर त्या बायकोच्या ओटीत घालते. पोराला सांगते, तुझी खरी आई ही, मी फक्त सांभाळणारी. त्या वेळी वाँग डोळे वटारत नाही की छाती पिटत नाही. अश्रू येतो आणि ती तो येऊ देते, बास. चावीची बाहुली म्हणणाऱ्याने हा एवढाच प्रसंग बघावा. शेवटचा भाग हरवलेला होता. 1985 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या संग्रहालयाने तो पुरा करताना जुना दुरंगी कॅमेराच बाहेर काढून समुद्र नव्याने चित्रित केला. पुढे डग्लस फेअरबँक्सच्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये (1924) वाँगला काय मिळालं, तर राजकन्येच्या पदरी राहून मंगोल राजपुत्रासाठी हेरगिरी करणारी मंगोल दासी. तो सेट अवाढव्य, फरशी आरशासारखी चकचकीत केलेली, म्हणजे महाल अधांतरी तरंगल्यासारखा वाटावा. आणि इतक्या जागेत तिला उभं राहायला कोपरा. 1928 मध्ये ती युरोपला निघून गेली यात नवल नाही.

या ‘दूरदेशां’चा पत्ता शोधायला गेलं तर मजा येते. 1921 मध्ये जर्मनांनी ‘भारतीय थडगं’ या नावाचा दोन भागांचा भव्य चित्रपट काढला. त्यातला आपला हिंदुस्थान बर्लिनजवळच्या वोल्टर्सडोर्फला लाकूड-प्लास्टरचा उभा केला होता आणि महाराजा झाला होता कॉनराड फाइट, गालफडं बसलेला, भुताने पछाडल्यासारखा. चारच वर्षांनी हिमांशु रायांनी ‘प्रेम संन्यास’साठी जर्मन दिग्दर्शकाला आणि कॅमेऱ्याला इकडे आणून खरे राजवाडे, खरे हत्ती, खरी माणसं उभी केली. तुमच्या लेखात या चित्रपटांना एक ओळ आहे. त्यांच्यावर निदान एक परिच्छेद हवा होता, कारण दूरदेश म्हणून ज्यांना दाखवायचं तेच इथे स्वतः निर्माते झाले. मात्र रायांचे चित्रपटही युरोपच्या प्रेक्षकाकडे एक डोळा ठेवून केलेले आहेत, हे मला ‘शिराज’ चौथ्यांदा बघताना जाणवलं. पहिल्या तीनदा मी हत्तीतच अडकलो होतो.

मूळ माल तर फारच थोडा उरलाय. 1912 ते 1929 मध्ये अमेरिकेत निघालेल्या सुमारे 11,000 मोठ्या मूकपटांपैकी मूळ रूपात अखंड असे जेमतेम 14 टक्के. आपल्याकडची अवस्था त्याहून वाईट. सुमारे 1,300 मूकपटांतले तीससुद्धा हाताशी नाहीत, त्यातलेही बरेच तुकड्यांत. त्या काळची नायट्रेटची फिल्म आधी चिकट होते, मग मधासारखी पाझरते, आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी. एवढ्यातून जे वाचलं ते तरी आपण नीट दाखवू नये?

म्हणून महोत्सववाल्यांना एवढंच सांगणं आहे की मूकपट लावताना कार्यक्रमपत्रिकेत गती आणि प्रिंट रंगवलेली आहे की नाही, हे दोन शब्द छापा. आता प्रोजेक्टर गेले, फाइली आल्या, तरी चुकीच्या गतीने उतरवलेली फाइल चुकीच्याच गतीने चालते. परवा एका ठिकाणी ‘द शेख’ लावला होता. खाली टाळ वाजवल्यासारखं कसलंसं ‘अरबी’ संगीत, आणि घोडे पुन्हा चिमण्यांसारखे. मी मध्यंतरात संयोजकांकडे गेलो. ते म्हणाले, “काका, लोक एन्जॉय करतायत ना?”

माझ्या जुन्या प्रोजेक्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक पुठ्ठा चिकटवलेला आहे. 22 वर्षांत दाखवलेल्या प्रत्येक मूकपटाची, रीळवार, डोळ्याने ठरवलेली गती त्यावर पेन्सिलने लिहिली आहे. काही ठिकाणी खोडाखोड आहे आणि ‘शिराज’पुढे तीन वेगवेगळे आकडे आहेत. कुणा संयोजकाला हवा असेल तर तुमच्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा, फोटो काढून पाठवतो.

ता. क. : लेखात ‘द शेख’ आणि ‘द सन ऑफ द शेख’ यांची छायाचित्रं एकमेकांच्या जागी छापली गेली आहेत. दाढी असलेला व्हॅलेंटिनो दुसऱ्यातला. त्यात बाप आणि मुलगा दोन्ही तोच आहे.

आपला,
एक निवृत्त प्रोजेक्टर ऑपरेटर
(नाव व पत्ता कळवला आहे, छापू नये.)