मुंबईची चित्रे पाहायची, पण रात्री उतरायचे कुठे?

महोदय,

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा आटोपल्या की आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतले पालक मला रस्त्यात गाठतात. "सर, यंदा पोरांना मुंबईला नेताय न्हवं?" मी निवृत्त चित्रकला शिक्षक. घरी शनिवार-रविवार चार मुले शिकायला येतात, त्यामुळे नाही म्हणणे जिवावर येते. पण होय म्हटले की पहिला प्रश्न तिकिटाचा नसतो, मुक्कामाचा असतो.

सातारा जिल्ह्यातल्या औंधला जायचे तर काही अडचण नाही. तिथले संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलेल्या संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचे शिल्प आहे, आणि सकाळी डबा घेऊन निघालेली मुले संध्याकाळी घरी येतात. कोल्हापूरचेही तेच. मुंबई मात्र पावणेचारशे किलोमीटर. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने जायचे, दिवसभर हिंडायचे आणि पुन्हा रात्रीच्या महालक्ष्मीने परतायचे, अशी सहल आम्ही एकदा केली. दुपारी तीन वाजता निम्मी मुले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या बाकांवर मान टाकून झोपली होती. एक पोरगा मात्र जागा होता. घरचा धंदा कुंभारकामाचा. सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपातून आलेल्या भाजक्या मातीच्या मूर्तींपुढे तो बसला तो उठेचना. हातात कमळ घेतलेली एक मूर्ती आहे, तिचा वहीत तिसऱ्यांदा प्रयत्न चालला होता. मला म्हणाला, "सर, एवढी मोठी मूर्ती भट्टीत तडकली कशी न्हाई? आमची तर हातभर असली तरी तडकते." मी घड्याळ दाखवून त्याला उठवले. ते अजून मनाला लागते. दीड हजार वर्षे टिकलेल्या मातीपुढे त्याला आणखी एक तास द्यायला हवा होता.

म्हणून पुढच्या वर्षी मुक्कामाने गेलो. सहा मुले, एक पालक आणि मी. फोर्टमधल्या एका लॉजवाल्याने फोनवर एक भाडे सांगितले आणि दारात गेल्यावर दुसरे. जादा गादीचे वेगळे. दोन खोल्यांचे एका रात्रीचे भाडे आठ जणांच्या जाण्यायेण्याच्या रेल्वे तिकिटांपेक्षा जास्त झाले. वर मुलींनी बेसिनमध्ये पोस्टर कलरचे ब्रश धुतले म्हणून मॅनेजरने आम्हाला खाली बोलावून चांगले झापले. निळा डाग पडला होता, हे खरे आहे. आम्ही तो घासूनही काढला. त्यात आम्ही गेलो सोमवारी! आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे जहांगीर आर्ट गॅलरीजवळचे एनजीएमए, सोमवारी बंद असते हे मी विसरलो. चूक माझीच, पण तिची किंमत आणखी एक रात्र. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सोमवारी उघडे असते, म्हणून तो दिवस तरी पदरात पडला. जाणाऱ्यांनी वार पाहून जावे.

धर्मशाळांची वाट मी आधीच चोखाळली होती. मुंबईत स्वस्त आणि स्वच्छ उतरण्याच्या जागा नाहीत असे मुळीच नाही. पण त्यातल्या बऱ्याच कुठल्या ना कुठल्या समाजाच्या. एके ठिकाणी फोनवर सगळे जुळत आले आणि शेवटी विचारले, "मुलांची आडनावे सांगा." सहा मुलांची सहा आडनावे. कुणाला कुठे ठेवणार? मी फोन ठेवून दिला. काही धर्मशाळा रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आहेत, तिथे चित्रे बघायला आलेल्यांनी जागा अडवू नये हे मला पटते. नातेवाइकांचे म्हणाल, तर वन रूम किचनमध्ये आठ माणसे घेऊन जायला फार मोठे तोंड लागते. राहता राहिली सीएसएमटीची रिटायरिंग रूम, म्हणजे स्टेशनातलीच प्रवाशांच्या मुक्कामाची खोली. कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर ती ऑनलाइन मिळते, आणि तिथून हुतात्मा चौकातून चालत गेले की वीस-पंचवीस मिनिटांत या संग्रहालयांचा काळा घोडा परिसर. दोघा-तिघांना याहून सोयीचे काही नाही. आठ जणांना सुट्टीच्या दिवसांत ती आम्हाला कधी मिळाली नाही. शेवटी आम्ही म्युझियमच्या जवळचा हट्ट सोडला आणि परळच्या बाजूला उतरलो. लोकलने शेवटचे स्टेशन गाठायचे असल्याने मुले चुकायची भीती नाही, हा त्यातला फायदा. जड सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाकावे. बॅगेला कुलूप मात्र हवे, नाहीतर घेत नाहीत.

पण ही झाली आमची आमची जुळवाजुळव. माझे मागणे वेगळे आहे. फोर्ट-कुलाब्याच्या परिसरात महापालिकेच्या शाळा आहेत. दिवाळीत आणि मे महिन्यात वर्ग रिकामे असतात. त्यातले दोन-चार वर्ग, एका रात्रीपुरते, माफक शुल्क घेऊन जिल्ह्यांतून येणाऱ्या चित्रकलेच्या मुलांना का देता येऊ नयेत? चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा राज्याचे कला संचालनालयच घेते. मुख्याध्यापकांचे पत्र आणि परीक्षेचा निकाल पाहून परवानगी देणे त्यांना जड जाऊ नये. वारीत दिंड्या शाळांतच उतरतात. आणि २०१९ च्या महापुरात आम्ही सांगलीकरांनी स्वतः शाळांच्या वर्गांत दिवस काढले आहेत, तेव्हा बाकांच्या मधल्या फरशीवर झोप लागते की नाही हे आम्हाला कुणी सांगायला नको.

रात्रीचा पहारा, मुलींसाठी स्वतंत्र खोली, सोबत शिक्षिका, या अटी घालाव्यातच. सतरंज्या, चादरी आम्ही घरून आणू. सकाळी वर्ग झाडून, बाक जागच्या जागी लावून देऊ. ब्रश धुवायला प्लास्टिकचा डबा आता आमच्या सामानात कायमचा असतो.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षक, विश्रामबाग, सांगली