दांडीला हात लावू दिल्याबद्दल

आदरणीय अण्णा,

सा. न. वि. वि.

आपल्याकडे मोबाईल नाही आणि टपाल मळ्यापर्यंत येईलच असे नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे. आपला नातू ते आपल्याला वाचून दाखवील.

गेल्या महिन्यात संकेश्वरच्या अलीकडे महामार्ग सोडून, उसाच्या फडांमधून वाट विचारत आपल्या मळ्यात आलेला आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागलेला तो पाहुणा म्हणजे मी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चौतीस वर्षे लेथवर, म्हणजे धातू कातण्याच्या यंत्रावर, काम केले. त्या गोंगाटात कान गेले. आता माझा दिवस फार शांत असतो. सकाळी दूध आणि वर्तमानपत्र, मग नातीला शाळेत सोडणे, दुपारी भाजी निवडणे, संध्याकाळी अनगोळपर्यंत एक फेरी. घरची माणसे जे बोलतात त्यातले निम्मे मी मान हलवून निभावून नेतो. निपाणीला बहिणीकडे जाताना बसच्या खिडकीतून आपली पाणी ओढणारी जुनी पवनचक्की मी कित्येक वर्षे पाहत आलो होतो. एके दिवशी नेहमीच्या फेरीऐवजी तिकडे जावे, एवढेच मनात आले. त्यामागे दुसरे काही कारण नव्हते.

अनोळखी माणसाने मळ्यात येऊन चक्की पाहायची म्हटल्यावर आपण त्याला हाकलूनही देऊ शकला असता. आपण मात्र आधी ताक दिले आणि मगच चौकशी केली. चक्कीचे आवाज ओळखता येतात, असे आपण सांगू लागलात, तेव्हा मला ते ऐकू येणार नाहीत हे मी ओशाळून कबूल केले. त्यावर आपण माझे मनगट धरून मनोऱ्याखाली नेलेत आणि पंपात उतरणाऱ्या लोखंडी दांडीकडे बोट दाखवून म्हणालात, "इल्लि कै इड्री." मग तेच मराठीत सांगितलेत, "इथं हात ठेवा. कानाचं काय काम?"

अण्णा, त्या अर्ध्या तासाबद्दल मला आपले आभार मानायचे आहेत. वरच्या बारा पात्यांचे चाक एकदा फिरले की दांडी एकदा वर जाते आणि एकदा खाली येते, हे मी डोळ्यांनी पाहतच होतो. पण वर जाताना पाण्याचा भार येऊन ती हाताला जड लागते आणि खाली येताना स्वतःच्याच वजनाने सुटते, हे तळव्याला कळले. मधूनच एखादा हेलकावा वर जातानाही हलका लागत होता. "वायसर झिजलाय," असे मी म्हणालो आणि आपण हसलात, कारण दट्ट्याचा चामड्याचा वायसर झिजला की पाणी बाजूने खाली निसटते, चाक उलट जास्त मोकळे फिरते आणि हौदात मात्र कमी पाणी पडते, हे आपल्याला आधीच ठाऊक होते. यंत्राची तक्रार मला बऱ्याच वर्षांनी अशी थेट समजली.

गदगजवळच्या कप्पतगुड्डच्या डोंगरावरील विजेच्या पवनचक्क्यांना तीनच पाती असताना आपल्या चक्कीला बारा कशाला, हा माझा प्रश्न तसा बाळबोध होता. तरीही आपण तो नीट समजावून दिलात: वीज करायला वेग लागतो, पाणी ओढायला मंद वाऱ्यातही जोर लागतो, आणि तो जोर जास्त पाती देतात. वारा दुप्पट झाला की त्याची ताकद आठपट होते हे मी पुस्तकात वाचले होते, पण जोराचा वारा आला की शेपटी मुडपून चाक वाऱ्याकडे फक्त कड करून कसे उभे राहते, हे आपण तार ओढून दाखवलेत तेव्हाच उमगले. आषाढात वारा सर्वांत जास्त असतो, तेव्हा विहीर भरलेली आणि पाण्याची गरज नसते. चैत्रात पाणी हवे असते तेव्हा दुपार टळेपर्यंत वाऱ्याची वाट पाहावी लागते, म्हणून चक्कीपेक्षा हौद महत्त्वाचा, असेही आपण म्हणालात. हौदाच्या गिलाव्याकडे आपण चक्कीपेक्षा जास्त लक्ष देता, याचे कारण मला तेव्हा कळले.

परतीची बस चुकल्यावर नातवाला मोटारसायकलवरून स्टँडपर्यंत पाठवलेत, त्याबद्दल वेगळे आभार. वहिनींच्या जोंधळ्याच्या भाकरीची आणि शेंगदाण्याच्या चटणीची आठवण घरी सांगून झाली आहे. तिचा परिणाम काय झाला ते पत्रात लिहिणे बरे नव्हे.

वरच्या दांड्याच्या सांध्यातला बुश, म्हणजे झीज सोसणारी धातूची नळी, अंडाकृती झाला आहे, हे निघताना माझ्या लक्षात आले होते. त्याचे माप मी तेव्हाच दोऱ्याने घेतले होते. जुन्या सोबत्याच्या लेथवर ब्राँझचा बुश करून ठेवला आहे. आतले भोक मुद्दाम थोडे कमी ठेवले आहे, ते जागेवर बसवून पाहूनच वाढवावे लागेल. चामड्याचे दोन वायसरही घेतले आहेत. पुढच्या रविवारी सकाळच्या बसने येतो. वारा सुटण्याआधी काम उरकायला हवे, तेव्हा शेपटी आदल्या रात्रीच मुडपून ठेवावी, ही विनंती.

आपला नम्र,
उद्यमबागेतील निवृत्त टर्नर