उशिरा पडलेल्या बर्फाने तूट भरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सगळा हिवाळा कोमट जातो, बर्फाची वाट पाहून लोकांचे डोळे शिणतात, आणि हंगाम सरता सरता एका रात्रीत बर्फ पडला की ‘उशिरा का होईना, तूट भरून निघाली’ असा मथळा छापून येतो. आपल्या पत्रातही आला. वाट पाहणाऱ्यांचा आनंद समजतो, पण मथळ्यातला हिशेब चुकलेला आहे.

मुळात बातमीतला आकडा कशाचा, ते पाहू. ‘३० सेंटिमीटर बर्फ’ ही थराची उंची झाली, आणि उंचीवरून पाणी कळत नाही. कडक थंडीत पडलेले भुसभुशीत हिम घनमीटरला ५० ते १०० किलो भरते. त्यातली जवळपास नऊ-दशांश जागा हवेचीच असते. तेच दोन-तीन महिने पडून दबले की ३०० किलोपर्यंत जाते, आणि वितळायला आलेला ओला थर ४००-५०० पर्यंत. म्हणजे १०० किलोच्या हिशेबाने ३० सेंटिमीटर थरात चौरस मीटरला ३० लिटर पाणी, तर तेवढ्याच उंचीच्या मुरलेल्या थरात ९० लिटर. (मराठीत आकाशातून पडतो तोही बर्फ आणि फ्रीजच्या ट्रेमधला तोही बर्फ. ‘हिम’ हा चांगला शब्द आपण कवितेपुरता ठेवला आहे, आणि बातम्यांतला निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो.)

पाणी मोजायला मोठी यंत्रणा लागत नाही. दोन्ही टोकांना उघडी, पातळ कडेची सरळ नळी घ्यावी. तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर आहे असे समजू. ती उभी धरून जमिनीपर्यंत दाबायची, खालून पत्रा सरकवून तोंड बंद करायचे, बर्फासकट वजन करायचे आणि रिकाम्या नळीचे वजन वजा करायचे. उरले ३०० ग्रॅम, तर ३०० भागिले ५०, म्हणजे ६ सेंटिमीटर किंवा ६० मिलिमीटर पाणी. चुका बहुतेक ठरलेल्या असतात. तळाशी मातीचा गोळा येतो आणि तो न काढताच वजन होते. ओला बर्फ नळीच्या आत चिकटून बसतो, मग नळी खाली जात राहते पण नवा बर्फ आत शिरत नाही. सर्वांत मोठी चूक म्हणजे वाऱ्याने ढीग लावलेल्या जागी एकदाच मोजून मोकळे होणे. एका मैदानात निदान दहा जागी मोजून सरासरी काढावी. साध्या पर्जन्यमापकावर विसंबू नये. वारा जोराचा असला की हिमकण त्याच्या तोंडावरून उडून जातात आणि कधीकधी निम्मेही आत पडत नाहीत.

आता उशिरा पडलेल्या बर्फाचे. तो ओला असतो, त्यामुळे प्रत्येक सेंटिमीटरमागे जास्त पाणी आणतो, हे मान्य करायला हवे. प्रश्न टिकण्याचा आहे. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे चौरस मीटरवरचे ३० लिटर पाणी बर्फातून सुटायला सुमारे १० मेगाज्यूल. वसंताच्या तोंडावर स्वच्छ दिवशी तेवढ्याच जागेवर १५ ते २० मेगाज्यूल ऊन पडते. ताजा पांढरा थर त्यातले ८०-९० टक्के परत फेकतो, म्हणून पहिला दिवस निभावतो. धूळ बसली, कण मोठे झाले की परत फेकण्याचे प्रमाण ५०-६० टक्क्यांवर येते. एकदा का मधूनमधून काळी जमीन दिसू लागली, की ती ऊन पिते आणि कडेचा बर्फ खालून-बाजूने खाते. शिवाय जमीन आधीच उबदार असते. असा थर आठवडाही काढत नाही आणि पाणी एकदम ओढ्याला जाते. हिवाळ्याच्या सुरुवातीला पडलेला थर मात्र तिरप्या उन्हात, लहान दिवसांत दबत जातो आणि महिनोन्‌महिने पाणी धरून ठेवतो. साठवण म्हणायची तर ती ही.

‘पावसाने बर्फ धुऊन गेला’ असेही आपण छापता. पावसाच्या अंगात तेवढी ऊब नसते. ५ अंश तापमानाचा १० मिलिमीटर पाऊस चौरस मीटरवर फक्त २१० किलोज्यूल आणतो, त्यात पाऊण मिलिमीटरही बर्फ वितळत नाही. खरे काम करते ती पावसाबरोबरची दमट, उबदार, वाहती हवा. तिच्यातली वाफ थंड बर्फावर जमून पाणी होते तेव्हा किलोमागे सुमारे २,५०० किलोज्यूल सोडते, म्हणजे एक किलो वाफ साडेसात किलो बर्फ वितळवते. म्हणून वाऱ्याची दमट, ढगाळ रात्र बर्फाला पावसाच्या सरीपेक्षा महागात पडते. रात्रीतून थर निम्मा झाला की लोक चकित होतात, त्याचे कारण हेच.

मग कोणी म्हणते, यंत्राने बर्फ पाडू. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकच्या स्पर्धा जवळजवळ पूर्णपणे कृत्रिम बर्फावर झाल्या. २०१०च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी व्हँकुव्हरजवळच्या सायप्रस माउंटनवर बर्फ ट्रकने आणि हेलिकॉप्टरने आणून टाकावा लागला. तरी यंत्रालाही थंडी लागतेच. स्नो गनसाठी, म्हणजे पाण्याचे थेंब हवेत फवारून बर्फ करणाऱ्या तोफेसाठी, नुसते तापमान पाहून चालत नाही. तापमापकाच्या फुग्यावर ओले कापड गुंडाळल्यावर जो आकडा दिसतो, तो उणे २ ते उणे अडीचच्या खाली यावा लागतो. हवा कोरडी असेल, आर्द्रता ३० टक्के, तर अधिक १ अंशालाही हा आकडा उणे ३च्या आसपास जातो आणि तोफ चालते. उलट आर्द्रता ९५ टक्के असेल तर उणे १ अंशालाही हात चोळत बसावे लागते. सौम्य हिवाळे बहुधा दमटही असतात, तेव्हा ज्या वर्षी यंत्राची गरज जास्त, त्याच वर्षी ते चालवता येण्याजोगे तास कमी.

पाण्याचा हिशेबही करून पाहावा. एक हेक्टरवर ३० सेंटिमीटर थर म्हणजे ३,००० घनमीटर. कृत्रिम बर्फाची घनता ४५० धरली तर साडेतेरा लाख लिटर पाणी. तलावातले पाणी ५-६ अंशांवर असेल तर ते आधी गार करावे लागते, नाहीतर थेंब हवेतून खाली येईपर्यंत गोठत नाहीत. चालवणारे लोक तोफेपुढे थोड्या अंतरावर उभे राहून बाही पुढे धरतात. कण बाहीवरून उडून गेले तर बर्फ कोरडा. चिकटून ओलावा पसरला तर पाणी कमी करायचे. या परीक्षेचा कंटाळा केला की उतारावर बर्फाऐवजी काचेसारखा थर तयार होतो, आणि तो पुढे यंत्राने फोडतानाही नाकी नऊ येतात.

कमी बर्फ म्हणजे निदान हिमस्खलनाचा धोका तरी कमी, हा समजही काढून टाकावा. थर पातळ आणि वरची हवा अतिथंड असेल तर जमिनीलगतचे शून्य अंश आणि पृष्ठभागाचे उणे तापमान यांच्यात अंतर थोडे आणि फरक मोठा राहतो. मीटरमागे सुमारे १० अंशांहून अधिक फरक पडला की थरातली वाफ वर सरकते, आणि तळाशी साखरेच्या दाण्यांसारखे, एकमेकांना न चिकटणारे कण तयार होतात. आठवडे उलटले तरी ते घट्ट होत नाहीत. मग त्यावर उशिराचा जड, ओला बर्फ येऊन पडतो. ज्याला मथळ्यात ‘दिलासा’ म्हटले जाते, तोच उतारावर या सुट्या कणांवरचा बोजा असतो, आणि त्याने सगळा थर घसरू शकतो.

शेतीचे थोडक्यात. २० ते ३० सेंटिमीटर बर्फाखाली जमीन शून्याच्या जवळपास राहते, वर हवा उणे १५ असली तरी. हे पांघरूण नसताना एकच कडक रात्र हिवाळी गव्हाचा कोंब मारू शकते. सफरचंदाच्या बऱ्याच जुन्या जातींना नीट फुलायला हिवाळ्यात ७.२ अंशांखालचे ८०० ते १,२०० तास लागतात. थंडीचे हे तास १९७४च्या यूटा पद्धतीने मोजले तर गोठवणारी थंडी यात जमा होत नाही आणि १६ अंशांवरची दुपार जमेतून वजा होते. तास पुरे झाले नाहीत की फुलोरा रेंगाळतो, परागासाठी लावलेली झाडे वेगळ्याच वेळी फुलतात. तास पुरे झाले आणि मग लवकर ऊब आली, तर फुले आधी उमलतात आणि गारठ्यात सापडतात. पूर्ण फुलोऱ्यात उणे २.२ अंशांना सुमारे दहावा हिस्सा फुले जातात, उणे ३.९ला जवळपास सगळी.

तापमान वाढले की सगळीकडे बर्फ कमीच होईल, असेही सरसकट लिहू नये. दर अंशामागे हवेत सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. जिथे हिवाळा उणे २०च्या घरात आहे, तिथे हिमवृष्टी वाढूही शकते. मार बसतो तो शून्याच्या आसपासच्या पट्ट्याला. उंचीप्रमाणे किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंश उतरतात, म्हणून एका अंशाने वाढ झाली की पाऊस आणि बर्फ यांची सीमा सुमारे १५० मीटर वर सरकते. बर्फ पडणाऱ्या भागांतली वस्ती बरीचशी याच पट्ट्यात, म्हणून निराशाही तिथेच दाटते.

तेव्हा विनंती एवढीच, की हवामानाच्या चौकटीत थराच्या उंचीशेजारी त्यातले पाणी मिलिमीटरमध्ये छापावे, आणि जमीन सलग किती दिवस झाकलेली राहिली तेही. जपानमधल्या सुवा सरोवरावर गोठलेल्या बर्फाला तडा जाऊन कंगोरा उठला की नाही, याची नोंद तिथले पुजारी १४४३ पासून ठेवत आले आहेत, आणि ज्या वर्षी सरोवर गोठत नाही त्या वर्षी ‘उघडा समुद्र’ अशी नोंद होते. आपल्याकडेही बर्फ नसलेल्या दिवशी रकाना गाळू नये; तिथे शून्य छापावे.

कळावे,
आपला एक वाचक